विली रेडमंड: ‘जा’ नाही, ‘चला’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रज सरकारने तीनदा तुरुंगात घातलेला, चौतीस वर्षं आयरिश राष्ट्रवादी पक्षाचा खासदार असलेला विली रेडमंड पन्नाशी उलटल्यावर इंग्रजांच्याच फौजेत कसा गेला? आणि त्याला गद्दार म्हणणाऱ्यांचं बरोबर होतं का?

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर दोन-तीन वेळा मराठी मंडळींना घेऊन बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या रणभूमीवर फिरलोही आहे. रेडमंडचं नाव निघालं की वर्गात कुणीतरी हाच प्रश्न विचारायचं, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा तयार उत्तर असायचं: ‘विकला गेला.’ माझं मत आधीच सांगून टाकतो. विली विकला गेला नाही, त्याने उधार दिलं. समोरच्याने आज ना उद्या फेडावं या भरवशावर स्वतःच्या हयातीतली सगळी पत त्याने लावली, आणि फेड झाली नाही. यात भोळेपणा होता, हिशेबाची चूक होती, पण गद्दारी मला तरी कुठे सापडत नाही.

आता जरा मागे जाऊ, कारण १९१४ पासून गोष्ट सुरू केली की ती चुकतेच.

विलीचा जन्म १८६१ चा, लिव्हरपूलमधला. घराणं मात्र आयर्लंडमधल्या वेक्सफर्डचं, कॅथलिक जमीनदारांचं. वडील वेक्सफर्डचे खासदार. शिक्षण क्लोंगोज वुड या जेझुइटांच्या शाळेत. विशीच्या आतच तो वेक्सफर्डच्या मिलिशियात अधिकारी झाला. मिलिशिया म्हणजे वर्षातले काही आठवडे कवायत करणारी अर्धवेळची पलटण. ही मिलिशिया पुढे रॉयल आयरिश रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, हे नाव लक्षात असू द्या. तेवढ्यात कुळांचा लढा पेटला. लँड लीग ही कुळांची संघटना गावोगाव पसरली, खंडबंदी, बहिष्कार, घरांवरच्या जप्त्या. जमीनदाराच्या या मुलाने वर्दी उतरवली आणि कुळांच्या बाजूने उभा राहिला. १८८२ च्या फेब्रुवारीत राजद्रोही कागद बाळगल्याबद्दल त्याला पकडून डब्लिनच्या किलमेनम तुरुंगात टाकलं. त्याच तुरुंगात तेव्हा राष्ट्रवादी पक्षाचा नेता पार्नेल होता, ज्याला लोक आयर्लंडचा अनभिषिक्त राजा म्हणत. विली एकवीस वर्षांचाही नव्हता. या वयात अशा माणसाच्या सहवासात तुरुंगवास घडला की काय होतं, हे मंडालेच्या आणि येरवड्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला मी वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षी तो थोरला भाऊ जॉन याच्याबरोबर पक्षासाठी निधी गोळा करायला ऑस्ट्रेलियाला गेला. तिकडे असतानाच वेक्सफर्डमध्ये पोटनिवडणूक लागली आणि बाविसाव्या वर्षी, मतदारसंघात पाऊलही न ठेवता, तो निवडून आला. दोन्ही भावांच्या बायकाही न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंज गावच्या डाल्टन घराण्यातल्या. विलीची बायको एलिनोर. त्यांना एकच मुलगा झाला आणि तो पाच वर्षांचा होऊन गेला. १८९० मध्ये पार्नेलच्या प्रेमप्रकरणावरून पक्ष फुटला तेव्हा बहुसंख्य खासदार त्याला सोडून गेले. रेडमंड बंधू राहिले. १८९२ पासून मरेपर्यंत विली पूर्व क्लेअरचा खासदार होता. १८८८ मध्ये आणि १९०२ मध्ये पुन्हा तुरुंगात जाऊन आला. बोअर युद्धात उघडपणे बोअरांची बाजू घेतली.

जॉन आणि विली ही जोडी आपल्याकडच्या माणसाला राम-लक्ष्मणासारखी वाटेल. जॉन मोजून-मापून बोलणारा, पुढे पक्षाचा नेता झालेला. विली बाकावरून ओरडणारा, सभापतींनी बाहेर काढलेला, पण हसरा, विरोधकांनाही आवडणारा. संसदेत विलीला फार मोठा विचारवंत कुणी मानत नसे. त्याचं एकच भांडवल होतं: तो जे बोलतो ते मनापासून बोलतो, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

१९१२ ला होमरूलचं विधेयक आलं. होमरूल म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य नव्हे. डब्लिनला स्वतःची संसद, पण साम्राज्याच्या आत. उत्तरेतल्या अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांना एवढंही नको होतं. त्यांनी सप्टेंबर १९१२ मध्ये प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, स्वतःचं स्वयंसेवक दल उभारलं, बंदुका आणल्या. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर १९१३ मध्ये डब्लिनला आयरिश स्वयंसेवक दल निघालं. १९१४ च्या उन्हाळ्यात आयर्लंड यादवीच्या उंबरठ्यावर होतं आणि तेवढ्यात जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या.

१८ सप्टेंबर १९१४ ला होमरूलच्या कायद्यावर राजाची सही झाली. सोबत दुसरा कायदा: युद्ध संपेपर्यंत अंमलबजावणी स्थगित. आणि अल्स्टरचं काय करायचं ते नंतर बघू. दोनच दिवसांनी विकलो परगण्यातल्या वुडनब्रिज इथे जॉन रेडमंडने स्वयंसेवकांना सांगितलं की केवळ आयर्लंडचा किनारा राखू नका, जिथे जिथे आघाडी असेल तिथे जा. या एका भाषणाने दल फुटलं. पावणेदोन लाखांच्या आसपास स्वयंसेवकांतले दहा-बारा हजार वेगळे झाले, बाकीचे जॉनच्या बाजूने राहिले. त्या दहा-बारा हजारांतूनच पुढे १९१६ चा उठाव निघाला. त्या वेळी मात्र ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

इथे थांबून आपल्याकडचा एक धागा जोडतो, कारण तो खराच आहे. ‘होमरूल’ हा शब्द टिळकांनी आयर्लंडवरूनच उचलला. मंडालेहून १९१४ मध्ये परतल्यावर टिळकांनीही युद्धात सरकारला साहाय्य करण्याची भाषा केली होती. पण १९१८ पर्यंत त्यांचा सूर काय होता? आधी अटी बोला. हिंदी माणसाला लष्करात अधिकाऱ्याचं कमिशन मिळेल असं वचन द्या, मग महाराष्ट्रातून पाच हजार माणूस देतो. आणि हमी म्हणून गांधींकडे पन्नास हजारांचा चेक. त्याच वर्षी मुंबईच्या युद्धपरिषदेत ते स्वराज्याचा विषय काढू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिलं नाही. टिळकांचा व्यवहार रोखीचा होता. रेडमंड बंधूंनी माल आधी पाठवून दिला आणि बिल मागाहून. अर्थात टिळकांच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं, आणि रेडमंडांच्या हातात निदान राजाची सही असलेला कागद होता. एवढा मोठा कागद हाती असलेला माणूस भरवसा ठेवतो. मी त्या जागी असतो तर कदाचित मीही ठेवला असता.

पण जॉनने भाषण केलं आणि विली गेला, यातलं अंतर महत्त्वाचं. भरतीची भाषणं करणारे पुढारी त्या काळी पैशाला पासरी होते. विलीने नोव्हेंबर १९१४ मध्ये कॉर्कला जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: मी तुम्हाला ‘जा’ म्हणणार नाही. केस पिकलेत, म्हातारा झालोय, तरी म्हणतो, माझ्याबरोबर चला. फेब्रुवारी १९१५ मध्ये, त्रेपन्न वर्षांचा असताना, त्याने कॅप्टनचं कमिशन घेतलं. कुठे? रॉयल आयरिश रेजिमेंटमध्येच. कुळांसाठी ज्या वर्दीतून तो बाहेर पडला होता तिच्यातच तो तेहेतीस-चौतीस वर्षांनी परत आला. एकूण पाच राष्ट्रवादी खासदार त्या युद्धात अधिकारी म्हणून गेले. त्यांत एक जॉनचा स्वतःचा मुलगा होता.

सहाव्या बटालियनबरोबर तो डिसेंबर १९१५ मध्ये फ्रान्सला पोचला. सोळावी (आयरिश) डिव्हिजन ही प्रामुख्याने राष्ट्रवादी कॅथलिकांची. छत्तिसावी (अल्स्टर) डिव्हिजन ही अल्स्टरच्या त्या स्वयंसेवकांची. ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर याचा रेडमंडच्या माणसांवर विश्वास नव्हता. अल्स्टरवाल्यांना त्यांची स्वतंत्र ओळख, लाल पंजाची खूण, सगळं मिळालं. दक्षिणेच्या मागण्यांना खळखळ. पुढच्या घसरणीत अशा बारीकसारीक अपमानांचा वाटा मोठा आहे. पुस्तकांत तो एका ओळीत उरकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

विलीला खंदकात चिखल, उंदीर, थंडी, सगळं आलं, आणि तो त्यात रमला असं म्हणावं लागेल. लंडनच्या एका वर्तमानपत्रासाठी तो खंदकातून लेखही लिहीत असे. त्या लेखांत शत्रूबद्दल विखार जवळपास नाही. आहे ते शेजारच्या अल्स्टरवाल्या शिपायाबद्दलचं कुतूहल. संसदेत ज्यांच्याशी तीस वर्षं भांडला त्यांचीच पोरं इथे त्याच्या शेजारी मरत होती. त्याला वाटू लागलं की आयर्लंडचा गुंता सुटेल तो इथे. डिसेंबर १९१६ मध्ये त्याने आर्थर कॉनन डॉयलला पत्र लिहिलं (होय, होम्सचाच बाप). त्यातला आशय असा: माणसं अर्ध्या वाटेवर येऊन भेटायलाही बिचकतात, मेलेल्यांच्या थडग्यांवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये पूल बांधता आला तर त्यांचं तेच उत्तम स्मारक होईल. विलीने कशासाठी उधार दिलं हे एका वाक्यात हवं असेल तर ते हे आहे.

आणि एप्रिल १९१६. या महिन्याचा शेवटचा आठवडा मी वर्गात नेहमी फळ्यावर मांडायचो. २४ तारखेला, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये उठाव. २७ आणि २९ ला फ्रान्समध्ये हुलुख इथे जर्मनांच्या विषारी वायूच्या हल्ल्यांत सोळाव्या डिव्हिजनचे पाचशेहून जास्त आयरिश शिपाई गेले. समोरच्या जर्मन खंदकांवर फलक लागले होते: आयरिशांनो, तिकडे इंग्रजांच्या तोफा तुमच्या बायकामुलांवर चालताहेत. आणि त्याच दिवसांत इकडे बेळगावात टिळकांची होमरूल लीग उभी राहत होती. आयर्लंडचा जो शब्द आपण नुकता उचलत होतो, तो त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये जुना होऊ लागला होता.

उठाव सहा दिवसांत चिरडला गेला. तेव्हा डब्लिनकर उठाववाल्यांवरच चिडले होते. ३ ते १२ मे दरम्यान पंधरा जणांना गोळ्या घातल्या, त्यातल्या चौदांना किलमेनम तुरुंगाच्या आवारात. विलीला ज्या तुरुंगाने राजकारणात आणलं त्याच तुरुंगाच्या भिंतीआड त्याचं राजकारण संपलं. विली तेव्हा इंग्रज वर्दीत. त्याचा पक्षसोबती टॉम केटल, माजी खासदार, प्राध्यापक, विलक्षण बुद्धीचा माणूस, तोही वर्दीत होता. त्याचा निःशस्त्र, शांततावादी मेहुणा त्या आठवड्यात इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्याच्या हुकमाने मारला गेला. केटलने तेव्हाच ओळखलं होतं की ते वीर आणि हुतात्मे ठरतील, आणि आपण ठरलोच तर इंग्रजांचे अधिकारी. तरी तो परत आघाडीवर गेला आणि ९ सप्टेंबर १९१६ ला जाँशीला पडला. केटलला भविष्य दिसत होतं. विलीला ते दिसत होतं की नाही, हे त्याच्या लिखाणातून नीट कळत नाही. दिसलं असेल तर त्याने डोळे मिटून घेतले.

१९१६ च्या जुलैत विली मेजर झाला. वय आणि प्रकृती पाहून वरिष्ठांनी त्याला आघाडीवरून मागे घेतलं. हे त्याला अतोनात लागलं. मुलांना ‘माझ्याबरोबर चला’ म्हणणारा माणूस मागच्या कचेरीत बसून राहणार, आणि मुलं पुढे जाऊन मरणार!

७ मार्च १९१७ ला तो रजेवर लंडनला आला आणि कॉमन्समध्ये वर्दीतच उभा राहिला. होमरूल तत्काळ लागू करा असा ठराव होता. चौतीस वर्षं आरडाओरडा करणारा माणूस त्या दिवशी हळू बोलला. आम्ही, जे कदाचित मरायला निघालो आहोत, देवाच्या नावाने मागतो, ज्यासाठी आम्ही घरं सोडली ते द्या, असा त्याचा सूर होता. सभागृह हेलावलं. मग पंतप्रधान लॉइड जॉर्ज उठला आणि म्हणाला तेच: अल्स्टरवर सक्ती करता येणार नाही. जॉन रेडमंड आपले खासदार घेऊन सभागृहाबाहेर पडला. उधारीचं बिल मांडलं गेलं, आणि गल्ल्यावरच्या माणसाने ते वाचून परत केलं.

बरोबर तीन महिन्यांनी, ७ जून १९१७, फ्लँडर्समधली मेसीनची टेकडी. या लढाईत सोळावी आणि छत्तिसावी डिव्हिजन खांद्याला खांदा लावून होत्या, दक्षिण आणि उत्तर, समोर वाइत्स्खाते गाव. इंग्रज शिपायांना ते उच्चारता येईना म्हणून त्यांनी त्याचं ‘व्हाइट शीट’ करून टाकलं होतं. विलीने विनवण्या करकरून पलटणीबरोबर जायची परवानगी मिळवली. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी टेकडीखाली पुरलेले १९ सुरुंग उडाले. त्यातल्या स्पानब्रुकमोलेनच्या सुरुंगाचा खड्डा आज तळं होऊन राहिला आहे, सुमारे अडीचशे फूट रुंद. काठाशी झाडी, पाण्यावर शेवाळ, आणि इतकी शांतता की आमच्यातल्या एका काकूंनी ‘इथे मंदिर हवं होतं’ म्हटलं, आणि कुणाला हसू आलं नाही.

सुरुंगांचा धुरळा खाली बसायच्या आत विली खंदकातून वर चढला. पहिली गोळी मनगटात, नंतर पायात. दोन्ही जखमा तशा जीवघेण्या नव्हत्या. तिशीतला शिपाई वाचला असता. त्याला पडताना पाहिलं जॉन मीक या शिपायाने. हा अल्स्टर डिव्हिजनचा, इनिस्किलिंग फ्युजिलियर्सचा, जखमींना शोधत फिरणारा. विलीचा पक्ष ज्या सगळ्यासाठी उभा होता त्याच्या विरुद्ध गोटातला हा पोरगा. मीक मेजरजवळ पोचला, पट्टी करू लागला, तेवढ्यात स्वतः जखमी झाला. विलीने त्याला हुकूम दिला, मला सोड, तू मागे जा. मीकने हुकूम मोडला. शेवटी मदत आली आणि विलीला मागे नेलं. ड्रानूटरच्या उपचार केंद्रात त्याच दुपारी तो गेला. छप्पन्न वर्षांचा होता. मीकला या कामगिरीबद्दल मिलिटरी मेडल मिळालं.

विलीला ज्या पुलाची स्वप्नं पडत होती तो पूल त्या दिवशी काही शेकडो यार्डांपुरता खरंच बांधला गेला होता. तो स्वतः त्यावरून वाहून नेला गेला.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, लोकांनी काय केलं. पूर्व क्लेअरची जागा रिकामी झाली. १० जुलै १९१७ ला पोटनिवडणूक झाली. समोर उभा राहिला एमन डी व्हॅलेरा, १९१६ च्या उठावातला वाचलेला सेनानी, नुकताच इंग्रजांच्या तुरुंगातून सुटलेला. प्रचाराला तोही वर्दी घालून आला. त्याची वर्दी आयरिश स्वयंसेवकांची होती. निकाल: डी व्हॅलेरा ५,०१०, रेडमंडच्या पक्षाचा उमेदवार २,०३५. विलीला जाऊन तेहेतीस दिवस झाले होते. पंचवीस वर्षं ज्यांनी विलीला निवडून दिलं त्याच लोकांनी हे मतदान केलं. ते विलीला गद्दार मानत होते असं मला वाटत नाही. त्याच्याबद्दल क्लेअरमध्ये माया होती. त्यांनी त्याचा मार्ग नाकारला. माणूस आणि मार्ग वेगळे काढता येतात, मतदार ते रोज करतात, फक्त इतिहासाच्या पुस्तकांना जमत नाही. पुढे डी व्हॅलेरा देशाचा पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झाला. जॉन रेडमंड मार्च १९१८ मध्ये, बहुधा मन मोडूनच, वारला. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष जवळपास पुसला गेला. त्या युद्धात दोन लाखांहून अधिक आयरिश माणसं लढली होती. परत आलेल्यांनी पदकं कपाटात ठेवली आणि त्याबद्दल बोलणं टाळलं.

तुम्ही फ्लँडर्सला गेलात तर लोकरला जरूर जा. (गावाचं नाव खरंच लोकर, मेंढीशी संबंध नाही.) तिथल्या जोगिणींच्या मठाच्या बागेत विलीला पुरलं. अल्स्टरच्या शिपायांनी मानवंदनेला रांग धरली होती. १९१८ च्या लढाईत मठ उद्ध्वस्त झाला. जवळ लष्करी दफनभूमी आहे, एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या ओळी. विलीचा क्रूस मात्र त्या ओळींच्या बाहेर, गवतात एकटा. बरेच वाटाडे सांगतात की इंग्रजांच्या निषेधार्थ तो मुद्दाम वेगळा राहिला. ऐकायला छान वाटतं, पण तसं नाही. १९१७ मध्ये तो जिथे होता तिथेच आहे. आजूबाजूची बाग गेली, आणि एलिनोरने त्याला हलवू दिलं नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये आयर्लंडचा आणि ब्रिटनचा पंतप्रधान दोघे मिळून त्या क्रूसापाशी उभे राहिले. मीक तिकडे अल्स्टरमध्ये युद्धानंतर काही वर्षांतच, तरुणपणीच गेला. कित्येक दशकं त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.